पावडरीआधी मीटर बसवा

सोमवारच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? डेपोवरच्या बायोगॅस प्रकल्पासाठी "गॅस उत्पादन वाढविणारी विद्युतवाहक पावडर" खरेदी करण्याचा विषय त्यात आहे. वर्षभराचा पुरवठा. रक्कम इथे मुद्दाम लिहीत नाही. नगरपालिकेच्या फलकावर कागद लावलाय, जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा ग्रुपवर या विषयावरून जे झालं त्यात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, वा, आपल्या गावात नवं तंत्रज्ञान येतंय, आता तरी नाट लावू नका. दुसरी म्हणाली, कोळशाच्या भुकटीनं कधी गॅस वाढतो होय, उद्या लिंबू-मिरची पण बांधा टाकीला. मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. म्हणून दोघांनाही सांगतो, दोघंही चुकताय. त्या पावडरीमागचं विज्ञान खरं आहे. आणि तरीही सोमवारी हा विषय मंजूर होता कामा नये. या दोन वाक्यांत विसंगती वाटत असेल तर पुढचं वाचा.

आधी टाकीच्या आत काय चालतं ते बघू. शिळा भात, पोळ्या, मंगल कार्यालयातलं उरलंसुरलं, मंडईतला पाला हे सगळं दळून, पाणी मिसळून हवाबंद टाकीत जातं. तिथं जिवाणूंच्या पंगतीवर पंगती बसतात. पहिल्या पंगतीतले पिष्ट, प्रथिनं, तेल तोडून बारीक करतात. दुसऱ्या पंगतीतले त्याची आम्लं करतात. तिसऱ्या पंगतीतले त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतात. आणि शेवटच्या पंगतीला जे बसतात ते मिथेन तयार करतात. तेच आपलं इंधन. हे शेवटचे फार नाजूक, सावकाश वाढणारे जीव. खरं तर ते जिवाणूही नव्हेत, वेगळ्याच कुळातले आहेत. पण ते असो.

शेणाच्या गॅसमध्ये ही पंगत बिनबोभाट चालते, कारण शेण म्हणजे गाईनं आधीच जेवून टाकलेलं अन्न. त्यात पटकन पचणारं फारसं उरलेलंच नसतं. उष्ट्या अन्नाचं तसं नाही. किलोला किलो धरलं तर ते शेणाच्या कितीतरी पट गॅस देतं. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती बायोगॅस संयंत्र याच मुद्द्यावर उभं केलं आणि त्याला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पण अन्नाची हीच पटकन पचण्याची तऱ्हा अंगाशीही येते. पहिल्या दोन पंगती बकाबका खाऊन आम्लाचा ढीग लावतात, शेवटच्या पंगतीला तो उपसत नाही. टाकी आंबते. सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपास हवा. तो साडेसहाच्या खाली घसरला की मिथेनवाले हात वर करतात. गॅस बंद, वास चालू. डेपोशेजारच्या वस्तीतल्या लोकांना हे मी सांगायची गरज नाही.

यातली सगळ्यात चिवट अडचण म्हणजे प्रोपिऑनिक आम्ल. ते मोडायचं तर मोडताना निघणारा हायड्रोजन जवळजवळ लगेच कुणीतरी उचलून नेला पाहिजे. वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाहूनही त्याचा दाब कमी राहिला, तरच ही क्रिया पुढे सरकते. म्हणजे एका जिवानं हंडा भरायचा, दुसऱ्यानं तो तत्काळ रिकामा करायचा. जरा उशीर झाला की रांग तुंबते.

आता पावडर. २०१० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेरेक लव्हली यांच्या गटानं दाखवून दिलं की काही जिवाणू हायड्रोजनचा हंडा वापरतच नाहीत. ते एकमेकांना चिकटून बसतात आणि इलेक्ट्रॉन थेट एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पुढे २०१२ मध्ये याच गटानं दाखवलं की मध्ये दाणेदार सक्रिय कोळसा टाकला तर तोच तारेचं काम करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर जिवाणू कोळशावर आकडा टाकतात! त्यानंतर मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकी लोखंडी खनिज, बायोचार म्हणजे कमी हवेत भाजलेला काडीकचऱ्याचा कोळसा, कार्बनचं फेल्ट अशा कितीतरी वस्तूंवर प्रयोग झाले, चीनमध्ये तर ढिगानं. अन्नकचऱ्यावरही झाले. अनेकांत गॅस लवकर सुरू झाला, आम्लं लवकर संपली, जास्त खाणं घातलं तरी टाकी टिकली.

तर लिंबू-मिरचीवाल्यांनो, ही अंधश्रद्धा नाही.

आता नवं-तंत्रज्ञानवाल्यांकडे वळतो. तुम्ही विक्रेत्याचं माहितीपत्रक वाचलंत? मी वाचलं. त्यात लिहिलंय, महिन्याला पंचवीस किलोची एक गोणी. आपली टाकी तीनशे घनमीटर, म्हणजे तीन लाख लिटर. भागाकार करा. लिटरला एक दशांश ग्रॅमसुद्धा येत नाही. बायोचारच्या प्रयोगांत साधारणपणे लिटरला पाच ते वीस ग्रॅम असा हिशेब दिसतो. लिटरला दहा ग्रॅम धरले तरी आपल्या टाकीत पहिल्याच दिवशी तीन टन कोळसा पडायला हवा.

तेवढ्यावर भागत नाही. प्रयोगशाळेतल्या बहुतेक चाचण्या बंद बाटलीत होतात: एकदा कोळसा टाकला, बूच लावलं, महिनाभर गॅस मोजला. आपली टाकी बाटली नाही. रोज पाच टन कचरा आणि तेवढंच पाणी आत जातं, आणि तेवढीच स्लरी बाहेर पडते. म्हणजे दहा हजार लिटर. त्या स्लरीबरोबर लिटरला दहा ग्रॅम या दरानं रोज शंभर किलो कोळसा वाहून जाणार. टाकीत तोच दर टिकवायचा तर रोज शंभर किलो टाकत राहा, वर्षाला छत्तीस टन. भाव तुम्हीच लावा. हा प्रश्न सुटत नाही असं मी म्हणत नाही. दाणेदार कोळसा जाळीत अडकवून ठेवता येतो, मॅग्नेटाइट चुंबकानं परत ओढून घेता येतं. पण त्यासाठी टाकीत फेरबदल लागतात. माहितीपत्रकात त्याविषयी अवाक्षर नाही.

विक्रेता म्हणेल, आमची पावडर नॅनो आहे, मात्रा कमी लागते. असेल. बारीक लोहकणांची मात्रा कोळशापेक्षा कमी लागते हे खरंच आहे. मग त्यात लोह आहे का, किती आहे, कशाच्या रूपात आहे, हे कागदावर लिहून द्या. मी फोन करून विचारलं तेव्हा उत्तर आलं, "फॉर्म्युला गुप्त आहे सर." बरं. पण तुमच्या गुप्त फॉर्म्युल्याची स्लरी शेवटी जाते कुठे? शेतात. आपल्या स्लरीचे टँकर कुणाच्या उसात रिकामे होतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. शहरी कंपोस्टमध्ये शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल किती चालेल याच्या मर्यादा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात घालून दिल्यात. टाकीत काय पडतंय तेच माहीत नसेल तर स्लरीत काय येतंय हे कोण सांगणार? कोळसा असेल तर जमिनीला बरंच आहे. दुसरं काही असेल तर ते जमिनीतून परत काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट. वाहक पावडर जादा अन्न निर्माण करत नाही. कचऱ्यात जेवढा गॅस आहे तेवढाच निघणार. पावडरीनं फार तर तो लवकर निघेल, टाकी आंबायची शक्यता कमी होईल. "गॅस दुप्पट" असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न विचारायचा, कशाच्या दुप्पट? आजारी टाकीच्या दुप्पट काय, दहापट गॅससुद्धा निघू शकतो, नुसती दुरुस्त केली तरी.

हे मी स्वतः भोगलंय. आमच्या सोसायटीत छोटा प्लांट आहे, पन्नास-साठ घरांचं ओलं त्यात जातं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत काय झालं ते सोसायटीवाले विसरले नसतील. दहा दिवस प्रसाद, मोदक, महाप्रसादाचं उरलेलं, सगळं लोकांनी भक्तिभावानं टाकीला खाऊ घातलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमची शेगडी पेटेना. आंबट वास तिसऱ्या मजल्यापर्यंत. मी तेव्हा बायोचारबद्दल नुकतंच वाचलेलं, अंगात उत्साह. लोणारी कोळसा आणून कुटला, भिजवला, दोन घमेली टाकीत ओतला. त्याच दिवशी खाणंही बंद केलं, थोडा चुना घातला, आणि वॉचमनच्या गावाहून शेणकाल्याचे चार ड्रम आणून ओतले. दहा-अकरा दिवसांनी शेगडी पेटली. पुढच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी माझा सत्कार केला, "सरांच्या कोळशानं प्लांट वाचला." नारळ घेतला मी. आजही तो नारळ आठवला की लाज वाटते. कारण प्लांट कोळशानं वाचला, उपवासानं, चुन्यानं की शेणानं, हे मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही. चारही गोष्टी एकाच दिवशी केल्या, आणि गॅस मोजायचं मीटर नव्हतं.

मंडळी, विक्रेत्याचं "प्रात्यक्षिक" याहून वेगळं नसतं. तो येतो, पावडर टाकतो आणि सांगतो, आठवडाभर कचरा निम्म्यावर आणा, सोबत शेण घाला. टाकी सावरते. नारळ पावडरीला.

आता डेपोवर या. आपल्या प्रकल्पात गॅसचं मीटर आहे का? आहे. दोन वर्षं बंद आहे. ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात? काट्यावर. आत किती टन कचरा आला, त्यावर बिल. गॅस किती निघाला याच्याशी बिलाचा काही संबंध नाही. मग ठेकेदार काय करणार? काटा भरणार. ओल्यात सुकं आलं, प्लास्टिक आलं, शहाळी आली, वजन भरतंय ना, येऊ दे. एका दिवशी तीन टन, लग्नाच्या तिथीला आठ टन, सगळं एकदम आत. टाकीला काय होतं त्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, कारण आपण त्याला तसे पैसेच देत नाही. यात ठेकेदाराला चोर म्हणायचीही गरज नाही. करारच तसा लिहिलाय, आणि तो सभेनं मंजूर केलाय.

प्लांटवर जो पोरगा काम करतो तो माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, कंत्राटी आहे, उद्या काढून टाकतील. त्याला मी लिटमसच्या पट्ट्या दिल्या होत्या. रात्री फोन करतो, "सर, आज परत आंबलंय. बुडबुडंच न्हाईत." मी म्हणतो, खाणं बंद कर. तो म्हणतो, "गाडी आलीय सर, परत कशी पाठवू? साहेब म्हणत्यात रिकामी करून घे." या पोराला जे वासावरून कळतं ते सांगायला पावडर लागत नाही. आणि त्याला गाडी परत पाठवायचा अधिकार मिळाल्याशिवाय कुठलीही पावडर त्या टाकीत काही करू शकणार नाही.

ज्या रकमेला पावडर घेणार आहेत तिच्या लहानशा तुकड्यात काय होईल सांगतो. मीटर दुरुस्त होईल. आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर रोज तपासता येईल. त्याला एक ब्यूरेट, पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि एक पीएच मीटर लागतं, कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या लॅबमध्ये आहे. गुणोत्तर साधारण ०.३ ते ०.४ च्या आत असलं तर ठीक. चढायला लागलं की खाणं कमी करायचं. नुसत्या पीएचवर अवलंबून राहिलं तर उशीर होतो, कारण स्लरीतली क्षारता आम्लाला बरेच दिवस दाबून धरते, आणि पीएच पडतो तेव्हा गोष्ट हाताबाहेर गेलेली असते. आंबलेली टाकी सावरायला आठवडे जातात.

आणि टाकीला खरंच काय कमी पडतंय ते कळेल. इंग्लंडमध्ये निव्वळ अन्नकचऱ्यावर चालणाऱ्या टाक्या काही महिने उत्तम चालून मग आंबायच्या. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधलं तर सेलेनियम आणि कोबाल्टची कमतरता निघाली. अगदी नखभर मात्रेत ती खनिजं दिली, टाक्या टिकल्या. आपल्याकडे ती बरीचशी शेणातून येतात, म्हणून आपले जुने लोक टाकीत शेण घालत राहायचे. आता आपल्या टाकीला खनिजं हवीत, क्षारता हवी, की इलेक्ट्रॉनची तार हवी? न तपासता पावडर घेणं म्हणजे रक्त न तपासता सलाईन लावणं. बायोचारनं फरक पडतो तेव्हाही तो वाहकतेमुळेच पडतो, की त्यातल्या क्षारांमुळे, की जिवाणूंना चिकटून बसायला जागा मिळाल्यामुळे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. आपले आरोग्य सभापती मात्र निःशंक आहेत!

"इंदूरला बघा" हे वाक्य सोमवारी येणारच, म्हणून आत्ताच उत्तर देतो. इंदूरचा प्रकल्प मीही वाचलाय. फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालं, रोज ५५० टन ओला कचरा, १७ टन बायो-सीएनजी. पण तिथं पाया आहे तो दारात वेगळा होऊन येणाऱ्या कचऱ्याचा. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक करून किती वर्षं झाली? आपल्या घंटागाडीत दोन कप्पे आहेत, दोन्हीत तेच असतं.

आणि हे सगळं बाहेरचं आहे, आपल्याला झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि खत यांची सांगड घालून दाखवली. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूत डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले गॅस प्लांट घरोघर उभे केले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी निसर्गऋण संयंत्र केलं. त्यात तर अन्न आधी एका वेगळ्या टाकीत पचवून मग मुख्य टाकीत सोडतात, म्हणजे आंबण्याच्या अडचणीवर तोडगा आपल्याच माणसानं आपल्याच कचऱ्यासाठी शोधलाय. आपल्या प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात अशी वेगळी टाकी होती. ती बांधलीही आहे. आज तिच्यात झाडू आणि फुटके डबे ठेवतात. फोटो खाली कमेंटमध्ये टाकतो.

मी पावडरीच्या विरोधात नाही हे पुन्हा सांगतो. उलट मला ती हवी आहे, पण आपली. आपल्या तालुक्यात उसाचं पाचट पेटवतात तेव्हा आठवडाभर धुरानं डोळे चुरचुरतात. कर्व्यांच्या त्याच आरती संस्थेला पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ साली पहिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला होता. त्यांनी तो चुलीसाठी केला. आपण तो टाकीसाठी करून बघू. पण भाजणीचं तापमान नोंदवा. कमी तापमानाला भाजलेला कोळसा वीज नीट वाहून नेत नाही, सातशे अंशांच्या आसपास भाजलेला बराच बरा नेतो. नुसतं "बायोचार" असं लिहिणं म्हणजे निविदेत नुसतं "कापड" लिहिण्यासारखं आहे.

प्रयोग कसा करायचा? दोनशे लिटरचे सहा ड्रम. सगळ्यांत तीच स्लरी, रोज तेवढंच खाणं. दोनांत काहीच नाही, दोनांत पाचटाचा कोळसा, दोनांत विक्रेत्याची पावडर, त्यानं सांगितलेल्या मात्रेत. गॅस पाण्यावर उलटं भांडं ठेवून मोजायचा. टाकीतला माल तीस दिवसांत एकदा पालटतो, म्हणून निदान तीन पालट होऊ द्यायचे, म्हणजे नव्वद दिवस. कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून द्या, पोरं आनंदानं करतील. रोजचे आकडे फळ्यावर लिहायचे आणि फळा डेपोच्या फाटकावर टांगायचा. विक्रेत्याची पावडर जिंकली तर मी स्वतः सभेत येऊन ती घ्या म्हणून सांगेन, घटकांची यादी मात्र द्यावी लागेल.

आणि करार बदला. काट्यावरचे पैसे कमी करा, मीटरवरचे वाढवा. टनाला ऐंशी ते शंभर घनमीटर गॅस अन्नकचऱ्यातून निघायला हरकत नाही. पाच टनांचे चारशे-पाचशे घनमीटर. एका घनमीटरला साधारण पाऊण... नाही, चुकलो, ४५० ग्रॅम एलपीजी धरा. म्हणजे रोज दोनशे किलोच्या आसपास, १९ किलोचे दहा व्यावसायिक सिलिंडर. सरकारी दवाखान्याच्या आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आज सिलिंडर विकत घेतात, डेपोपासून दोन किलोमीटरवर. एकदा ठेकेदाराला गॅसचे पैसे मिळायला लागले की शहाळी आणि प्लास्टिक तोच फाटकावर अडवेल. कदाचित कोळसाही तोच स्वतःच्या खिशातून आणून टाकेल.

सोमवारी सकाळी अकरा वाजता सभा आहे, जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. नागरिकांना मागच्या बाकांवर बसता येतं, बोलता येत नाही. म्हणून प्रश्न आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे आजच द्या, लेखी. तीनच पुरेत: पावडरीत काय आहे, मीटर कधी सुरू होणार, आणि गेल्या वर्षी टाकीनं किती घनमीटर गॅस दिला. तिसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नाही हे मला माहीत आहे, तरी विचारा. मी मागच्या बाकावर असेन. त्या पोराला रजा मिळाली तर त्यालाही घेऊन येतो, पण त्याला सोमवारी दुपारी मंगल कार्यालयाची गाडी घ्यायचीय. तिथी आहे.